पट्टी कधी निघणार?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी सप्टेंबर २०२४ मध्ये सहा आठवड्यांच्या बोलीवर लिहायला घेतलं. ते माझ्या हातून सुटलं ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या अकरा महिन्यांतले निम्मे तरी माझ्याच एका सवयीनं खाल्ले. मागणी एका वस्तूची असताना दहा वस्तूंना पुरेल असा साचा आधी घडवत बसायचं, ही ती सवय. आमच्या धंद्यात याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात आणि वेळेवर केलं तर ते कामाचंच असतं. वेळेआधी केलं की काय होतं, ते इथे तारखांसकट लिहून ठेवते. पुण्यातली नोकरी सोडून सांगली-मिरजेत एकट्यानं कामं घेणारी बरीच मंडळी आता ओळखीची झालीत. त्यांतल्या कुणाचे चार आठवडे वाचले तरी पुष्कळ.

मी पुण्यात खराडीला आठ वर्षं नोकरी केली. तिथे कोडची एकच ओळ दोन ठिकाणी दिसली की रिव्ह्यू करणारा परत पाठवायचा. ‘पुनरुक्ती नको’ हे इतकं अंगात मुरलं होतं की दोन ओळी नुसत्या सारख्या दिसल्या तरी मला चैन पडायचं नाही. सारख्या दिसणाऱ्या ओळी आणि खरोखर एकच असणाऱ्या ओळी यांत फरक असतो, हे कुणी सांगितलंही असेल. माझ्या कानात शिरलं नव्हतं.

दुकान मुख्यतः हळदीचं. मालकांना सगळं यार्ड अण्णा म्हणतं. हिशोब दिवाणजींकडे. त्यांचा जुना फॉक्सप्रोमधला प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालायचा त्याची डिस्क त्या जुलैत गेली आणि दिवाणजी पुन्हा कार्बन लावून हातानं पट्ट्या लिहू लागले. गणपती बसले शनिवारी, ७ सप्टेंबरला. सोमवारी मी दुकानात गेले. गादीवर बसून, आरतीच्या प्रसादाचं खोबरं खात बोलणी झाली. साठ हजार रुपये, वीस-वीसचे तीन हप्ते: पहिला सुरुवातीला, दुसरा पट्टी छापून निघाल्यावर, तिसरा काम पूर्ण झाल्यावर.

यार्डाबाहेरच्यांसाठी सांगते. शेतकऱ्याचा माल सौद्यात विकला की किती पोती, किती वजन, काय दर, त्यातून हमाली, तोलाई, वाराई किती गेली आणि हातात किती, हे मांडलेला कागद म्हणजे पट्टी. अण्णांची मागणी तेवढीच होती.

“पट्टी बिनचूक निघाली पाहिजे, माल विकला त्याच दिवशी. बाकीचं मागनं बघू की.”

‘बाकीचं मागनं’ हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. आज हळद आहे, पण अण्णांचे पुतणे त्याच यार्डात बेदाण्याचं बघतात, म्हणजे उद्या बेदाणा येणार. समोरच्या ओळीत गुळाचे रवे उतरतात, परवा गूळ. बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गाव, इथे असं सॉफ्टवेअर एकदा नीट बांधलं की सगळ्या यार्डाला विकता येईल. हा हिशोब मी मनातल्या मनात केला. अण्णांना विचारलंसुद्धा नाही.

पैशाचं आणि कागदाचं आधी उरकते, कारण हे कुणी सांगत नाही. उद्यम नोंदणी मी आधार आणि पॅनवर घरीच केली. तिला सरकारी शुल्क काहीच नाही, पण शोधायला गेलात तर पैसे मागणाऱ्या साइट्स वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. दुकानाच्या सीएंनी माझं पॅन मागून घेतलं आणि वर्षाची रक्कम तीस हजारांच्या वर जाणार म्हणून पहिल्याच हप्त्यातून दहा टक्के टीडीएस कापला. हातात अठरा हजार आले. पहिल्या वेळी धस्स होतं. तो आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो आणि विवरणपत्र भरल्यावर हिशोबात धरला जातो. तिसरा हप्ता मात्र १ एप्रिल २०२५ नंतर आला, तोवर मर्यादा पन्नास हजारांवर गेली होती, म्हणून तो अख्खा मिळाला. उशिरा काम केल्याचा एवढाच फायदा.

तर ऑक्टोबर. मी ‘माल’ नावाचा एक मूळ साचा बांधला. त्यात हळद हा शब्द कुठेच नाही. एकक वेगळं, एककांची अदलाबदल वेगळी. कपातींसाठी एक नियमयंत्र: हमाली म्हणजे ‘पोती गुणिले दर’ असं सूत्र मजकूर म्हणून टेबलात ठेवायचं आणि चालवताना ते वाचून हिशोब करायचा. म्हणजे उद्या नवा माल आला तर कोडला हात न लावता नुसती सूत्रं भरायची. व्यापारी, शेतकरी, हमाल हे सगळे एकाच ‘पक्ष’ नावाच्या गोष्टीच्या भूमिका. याचं चित्र काढून मी विश्रामबागच्या घरी भिंतीवर लावलं होतं. बाण इतके की आईनं विचारलं, “हा कुठला नकाशा?” मला त्या चित्राचा अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

अण्णा दर आठवड्याला फोन करत. “काय ताई, पट्टी निघाली का?” मी म्हणायची, पाया चाललाय. शब्द दिला होता पाडव्याचा, म्हणजे २ नोव्हेंबर. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांबरोबर नव्या संगणकालाही हळदकुंकू लागलं. पट्टी मात्र त्यात नव्हती. सात सूत्रं होती आणि ती तपासायला माझ्याजवळ खरी पट्टी एकही नव्हती.

हे आज लिहिताना सगळ्यात टोचतं. दिवाणजींच्या लाकडी पेटीत वर्षानुवर्षांच्या कार्बन प्रती पडून होत्या. मी दोन महिन्यांत त्यांतल्या तीन बघितल्या. त्या तिन्ही साध्या होत्या.

हळदीचे नवे सौदे सुरू झाले आणि ११ फेब्रुवारीला, मंगळवारी, पहिल्यांदा माझ्या सॉफ्टवेअरवर खरी पट्टी काढायची ठरली. अण्णांच्या सूनबाई आकडे भरणार, मी शेजारी, दिवाणजी समोर हातानं तीच पट्टी करणार. तेवीस पोती राजापुरी हळद. आकडे आणि दर मी इथे बदलून लिहितेय, दुकानाचा हिशोब चव्हाट्यावर नको. भरलेलं वजन १,१९६ किलो, बारदान पोत्यामागे एक किलो, निव्वळ १,१७३. दर क्विंटलला १३,४००. रक्कम १,५७,१८२. इथपर्यंत दोघांचंही जुळलं आणि सूनबाईंनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली.

मग कपाती. हमाली १९२.०५, तोलाई ५६.३५, वाराई ४१.४०. माझं नियमयंत्र प्रत्येक नियमाच्या शेवटी रुपया पूर्ण करायचं: १९२, ५६, ४१, मिळून २८९. दिवाणजी तिन्हींची बेरीज आधी करतात, २८९.८०, आणि मग एकदाच पूर्ण करतात: २९०. एका रुपयाचा फरक.

“एकच रुपया आहे,” मी म्हणाले.

दिवाणजींनी चष्म्यावरून बघितलं. “रुपयाचं काय न्हाई ताई. संध्याकाळी खतावणी लागत न्हाई त्येचं हाय. दिवसाला साठ पट्ट्या झाल्या तर साठ रुपयं मी कुठनं आणू?”

साधी दुरुस्ती होती. बेरीज आधी, पूर्णांक नंतर. माझ्या यंत्रात मात्र पूर्णांक करणं हा प्रत्येक नियमाचा गुण होता, आणि ‘सगळे नियम संपल्यावर’ अशी जागाच मी ठेवली नव्हती. तीन थर उघडावे लागले. तेवढ्यात दुसरी पट्टी आली. त्यात शेवटचं पोतं फुटकं, अर्धं भरलेलं. हमाली पूर्ण पोत्याची, बारदान पूर्ण, पण वाराई दिवाणजी त्याची घेत नाहीत. का, तर घेत नाहीत. तिसरी पट्टी दोन भावांची, अर्धी-अर्धी, आणि थोरल्याच्या नावावर आधीची उचल. सात वाजले. बाहेर शेतकरी बसलेले, त्यांतल्या दोघांना कवठेमहांकाळची गाडी गाठायची होती. एक जण आत डोकावून म्हणाला, “मॅडम, कागद तेवढा द्या की. रक्कम उद्या खात्यावर आली तरी चालतंय.” दिवाणजींनी माझ्याकडे न बघता कार्बन सरळ केला आणि दहा मिनिटांत दोन्ही पट्ट्या लिहून दिल्या.

मी घरी जाताना आयर्विन पुलावर स्कूटर लावून थोडा वेळ उभी राहिले. पुलावरून जायचं काहीच कारण नव्हतं, घर उलट्या दिशेला.

पुढचे दोन महिने ठिगळांचे. पट्ट्या निघू लागल्या, दुसरा हप्ता मार्चअखेर मिळाला, पण दर आठवड्याला एखादी पट्टी अडायची आणि ती का अडली हे शोधायला मला दोन-दोन तास लागायचे. सूत्र टेबलात मजकूर म्हणून असल्यामुळे चूक कोडमध्ये दिसायचीच नाही. ‘कपात नियम ७’ मध्ये काहीतरी बिनसलंय एवढंच कळायचं. देवनागरीत डॉट मॅट्रिक्सवर छापणं हा वेगळाच ताप. प्रिंटर अक्षर न छापता चित्र काढतो, एक पट्टी घरघरत मिनिटभर चालते. त्यावर तीन दिवस गेले, शेवटी लेझर घेतला, अण्णांनी कटकट न करता पैसे दिले. ते सोडून देते.

एप्रिलमध्ये पुतण्यांनी बेदाण्याचं विचारलं. मला आनंद झाला. जिच्यासाठी एवढं केलं ती वेळ आली होती, आता फक्त सूत्रं भरायची!

बेदाणा पंधरा किलोच्या बॉक्समध्ये येतो, दर किलोला. एकक बदलणं माझ्या साच्याला सोपं होतं, ते खरंच अर्ध्या तासात झालं. पण बेदाण्याचा वेगळेपणा एककात नव्हताच. या दुकानात हळद सौद्यात विकली की त्या मालाचा विषय संपतो: एक आवक, एक विक्री, एक पट्टी. बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये पडून असतो. शेतकरी दर बघून आज चाळीस बॉक्स काढतो, महिन्यानं साठ, उरलेले दिवाळीच्या तोंडावर. एका आवकेच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत भाड्याचा वेगळा वाटा. सौद्यात बॉक्स उघडून माल दाखवायचा, त्यात उधळण होते, तिची तूट धरायची. शिवाय व्यापाऱ्याकडून पैसे किती दिवसांनी यायचे याचा हिशोब, आणि दिवाळीच्या सुमारास सौदे जवळपास महिनाभर बंद ठेवून सगळी येणी-देणी मिटवायची ती ‘झिरो पेमेंट’ची पद्धत. म्हणजे जे बदलतं असं मी धरून चालले होते ते फारसं बदललंच नाही. आणि ‘एक आवक म्हणजे एक पट्टी’ हे जे कधीच बदलणार नाही म्हणून मी तळात पुरून टाकलं होतं, नेमकं तेच बदललं.

करही तसाच. माझ्या साच्यात कर हा मालाचा गुण होता: या मालाला इतके टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तिथे स्पष्ट झालं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. फेब्रुवारीत परिपत्रकही आलं. मी तेव्हा ‘नियम ७’ शी झटत होते, बातमी वाचून विसरले. तोच बॉक्स, तोच बेदाणा, पण विकणारा शेतकरी की व्यापारी यावर कर ठरणार. मालाला चिकटवलेला कर आता विकणाऱ्याकडे बघायला लागणार होता, आणि माझ्या चित्रात त्या दोघांमध्ये पाच बाण होते.

मी काय केलं? सगळे करतात तेच. कोडमध्ये हो-नाहीच्या खुणा घातल्या. ‘कोल्ड स्टोरेज आहे का’, ‘अर्धवट विक्री चालेल का’, ‘तोलाई वगळा’, ‘विकणारा शेतकरी का’. मेच्या पहिल्या आठवड्यात मोजल्या तर अकरा खुणा. आणि त्या हळदीच्या पट्टीतूनही फिरत होत्या. ६ मेला बेदाण्याची एक खूण बदलली आणि हळदीच्या पट्ट्यांतून तोलाई गायब झाली. दुपारपर्यंत एकोणीस पट्ट्या गेल्या होत्या. दिवाणजींनी एकोणीस शेतकऱ्यांना फोन केले. मी शेजारी बसून नंबर लावून देत होते. कुणी रागावलं नाही, एक जण तर म्हणाला, “चुकून आमच्या बाजूनं बी चुकतंय व्हय?” त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या रात्री मी एक गोष्ट परत ऐकली. सॅन्डी मेट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमर २०१४ साली रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्या मंडळींच्या रेल्सकॉन्फ परिषदेत बोलल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की चुकीच्या ॲब्स्ट्रॅक्शनपेक्षा पुनरुक्ती कितीतरी स्वस्त पडते. पुढे २०१६ च्या लेखात त्यांनी लिहिलं, चुकीचं ॲब्स्ट्रॅक्शन हाती आलंच तर पुढे जायचा जवळचा रस्ता मागे जातो: सामायिक कोड जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे परत उतरवा, त्या जागेला नको असलेलं खोडा, आणि मग काय उरतं ते बघा. हे मी नोकरीत असताना ऐकून-वाचून मान डोलावली होती. तेव्हा माझ्याकडे एकोणीस फोन नव्हते.

८ मेला अण्णांकडे गेले आणि सांगितलं, आतलं बरंचसं मोडून परत लिहिणार आहे, तीन आठवडे लागतील, पैसे मागणार नाही. त्यांना आतलं काही कळणार नाही असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “म्हंजे पेव एकच काढलं हुतंस आणि सगळ्यांचा माल त्यात टाकला हुतास, असंच ना?” हरिपूर, सांगलवाडीकडे जमिनीत हळद साठवायची पेवं असायची, २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. दाखला तंतोतंत बसत नाही, पण त्यांना कळलं होतं.

मोडायच्या आधी मी एक काम केलं, ते जमलं तर पहिल्या दिवशीच करा. दिवाणजींना म्हणाले, पेटीतल्या सगळ्यात त्रासाच्या साठ पट्ट्या निवडून द्या. त्यांनी दोन दुपारी बसून निवडल्या, आणि प्रत्येकीबरोबर गोष्ट सांगितली. फुटकं पोतं. वाटणी. उचल. वजन झाल्यावर परत नेलेली दोन पोती. सौदा होऊन दर बदललेली. या साठ पट्ट्या मी तपासणीत घातल्या: आकडे आत, शेवटची रक्कम बाहेर, जुळली की हिरवं. मगच खोडायला हात लावला. याशिवाय मोडतोड केली असती तर मी मेमध्येच पळून गेले असते.

काम सोपं आणि कंटाळवाणं होतं. नियमयंत्राचा सगळा कोड जसाच्या तसा दोन फायलींत उतरवला: हळद पट्टी, बेदाणा पट्टी. मग हळदीच्या फायलीत बसून एकेक खूण घ्यायची. कोल्ड स्टोरेज? या हळदीला नाही, ती फांदी खोडा. अर्धवट विक्री? नाही, खोडा. सूत्रं टेबलातून काढून साध्या ओळी केल्या: हमाली म्हणजे पोती गुणिले दर, ही ओळ वाचली की कळते आणि चुकली की दिसते. पहिले दोन दिवस हात अडखळत होते. एकच ओळ दोन्ही फायलींत बघून मला चोरी केल्यासारखं वाटायचं. चौथ्या दिवशी दोन फायली आपापल्या वाटेनं जायला लागल्या. ज्या ओळी मी एक समजत होते त्यांतल्या बऱ्याच आठवड्याभरात एकमेकींसारख्या दिसेनाशा झाल्या. प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर मी एक टीप ठेवली, ‘हळदीतून उतरवलं, १२ मे २०२५’, म्हणजे एकीकडे चूक सापडली तर दुसरीकडे बघायचं लक्षात राहील. ही टीप दोनदा उपयोगी पडली. एकदा मी ती वाचूनही दुसरीकडे बघायचं विसरले, तेही सांगते. पुनरुक्ती फुकट नसते.

सतरा दिवस लागले. कोड सुमारे चार हजार ओळींवरून चौदाशेवर आला. साठपैकी सत्तावन्न पट्ट्या जुळल्या. तिघींपैकी दोन माझ्या चुका. तिसऱ्या पट्टीवर दिवाणजी बराच वेळ बोट फिरवत बसले आणि म्हणाले, “ही माझीच चुकलीय. २०२१ ची. ऱ्हाऊ दे आता.”

सगळंच मोडावं लागलं असंही नाही. तीन गोष्टी मी पहिल्या आठवड्यात वेगळ्या काढल्या होत्या आणि त्यांना आजवर हात लागलेला नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची, दशांशात कधीच नाही. अक्षरी रुपये: मराठीत एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याहत्तर असं नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव पाठच करावं लागतं, त्याची शंभर नावांची यादी एका ठिकाणी हवी. आणि क्रमांक. जीएसटीच्या बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, ओळीनं जाणारा आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, त्यामुळे ३१ मार्चला काय होतं हे आधीच ठरवावं लागतं. ही तिन्ही हळद-बेदाणा बघत नाहीत. आणि क्रमांकाच्या बाबतीत चूक मागाहून निस्तरता येत नाही, छापून गेलेला कागद परत मागवता येत नाही. कोड दोनदा लिहिला तर तो कधीही एक करता येतो. आता मी काही आधी बांधायला घेतलं की हेच स्वतःला विचारते: नंतर केलं तर किती महाग पडेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, एक दुपार.

जुलैत बेदाणा सुरळीत झाला. कराचं कलम बेदाण्याच्या फायलीत चार ओळींत बसलं. तिसरा हप्ता मिळाला, ऑगस्टमध्ये मी किल्ल्या, म्हणजे पासवर्डची वही, सूनबाईंच्या हाती दिली. हिशोब सांगायचा तर साठ हजारांत अकरा महिने, त्यातून सर्व्हर आणि इतर खर्च सुमारे नऊ हजार. मधल्या काळात मिरजेच्या एका ओळखीच्या माणसाची दोन छोटी कामं घेतली म्हणून घर चाललं. सहा आठवड्यांचं काम घेताना हाताशी सहा महिन्यांचे पैसे ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगते. कुणी ऐकत नाही.

दिवाळीच्या आधी अण्णांनी गुळाचं विचारलंच. या वेळी मी चित्र काढलं नाही. गुळाच्या दुकानात दोन दिवस बसले, रवे उतरताना बघितले, चाळीस पट्ट्यांचे फोटो काढले. हळदीची फाइल उतरवून घेतली आणि खोडत-लिहीत चार दिवसांत गूळ उभा केला. मग तीन फायली शेजारी-शेजारी उघडून बसले. प्रोग्रॅमर मंडळींत एक जुना ठोकताळा आहे, तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ आली की मगच बाहेर काढा. मला वाटलं होतं की कपातींचा भाग तिघांत एक निघेल. निघाला नाही. निघाली ती उचल: ती फेडायची रीत तिन्हींत शब्दशः एकच होती, कारण ती मालाची नसतेच, शेतकऱ्याच्या खात्याची असते. ती बाहेर काढली. ऐंशी ओळी. ऑक्टोबर २०२४ मधल्या माझ्या भिंतीवरच्या नकाशात उचल नव्हती.

परवा कोरेगावहून एकांचा फोन आला, आल्याच्या व्यापाऱ्याचा. म्हणाले, सांगलीत तुम्ही केलंय तेच आम्हाला द्या, फक्त नाव बदला. मी विचारलं, तुमच्याकडे दर कशावर? “गाडीवर.” गाडी म्हणजे? “पाचशे किलो. पण जुनं आलं आणि नवं आलं वेगळं धरायचं का, त्येच्यावरनं रोज भांडण हाय.” मी म्हणाले, नाव बदलून जमणार नाही, पुढच्या मंगळवारी येते, तुमच्या पट्ट्यांचं पुस्तक तेवढं काढून ठेवा. त्यांनी विचारलं, “कुठल्या पट्ट्या?”

“ज्यांच्यावर भांडण झालं त्या.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला. “मग गाडीच घेऊन या, मॅडम.”